पुढे निघून गेलेलं चाक

माझ्या स्वप्नात एक चाक येतं. लोकांच्या स्वप्नात माणसं येतात, समुद्र येतो, परीक्षेचा पेपर येतो. माझ्या नशिबी चाक. मोटारीचं, तारांचं, मोजून साठ स्पोकचं. ते आमच्या गाडीपासून सुटतं, जरा डुलतं, मग सरळ होतं आणि आम्हाला मागे टाकून गवतातून पुढे निघून जातं. दोन्ही बाजूंचं गवत वाकतं. तारांमधून ऊन असं काही फिरतं की चाक घरंगळतंय की नुसता उजेड, कळत नाही. आवाज अजिबात नसतो. मी मागच्या सीटवरून बघत असते आणि मला ते फार सुंदर वाटतं. मग जाग येते आणि मी स्वतःवरच चिडते. कारण ते चाक खरोखर सुटलं होतं, माझ्या चुकीने सुटलं होतं, आणि तीस वर्षं ही गोष्ट माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हती.

आता सांगायलाच बसले आहे तर आडपडदा कशाला ठेवू?

बाबांचं गॅरेज आहे. जुन्या गाड्या, म्हणजे ज्यांचे मालकसुद्धा ज्यांना भंगार म्हणतात अशा गाड्या, ते उभ्या करतात. करायचे. आता मी करते. लहानपणापासून माझं डोकं पटकन तापतं म्हणून त्यांनी मला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. घरात आम्ही दोघंच, आणि तिसरा रोज येऊन-जाऊन असणारा तारकाका. बाबांचा शाळेपासूनचा मित्र. तारांची चाकं बांधायची तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. रिममध्ये एकेक स्पोक ओवून, ताणून, तो बोटाने छेडून बघायचा. कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "ही जरा कुरकुर करतेय." मग अर्धा फेरा आवळायचा. साठही तारा एका सुरात बोलल्या की चाक झालं.

बाबांची स्वतःची एक गाडी होती. लांब नाकाची, उघड्या टपाची, गडद हिरवी. तीन वर्षं तिघांनी मिळून ती उभी केली होती. चाकं तिची मूळचीच, पाचवं जास्तीचं धरून पाचही चाकांवर गाडीच्या जन्माचाच महिना ठोकलेला. तारा तेवढ्या तारकाकाने नव्या घातल्या होत्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की मला सगळं येतं.

या चाकांना चार-पाच बोल्ट नसतात. मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला दोन कान. तांब्याच्या हातोडीने कानावर ठोकायचं. मागच्या दिशेने ठोकलं की नट आवळतो, पुढच्या दिशेने ठोकलं की सुटतो, दोन्ही बाजूंना हेच. म्हणून चाक ज्या हबवर बसतं त्या हबचे आटे डावीकडे सरळ असतात आणि उजवीकडे उलटे. तसं असलं की गाडी पळते तसा नट स्वतःच घट्ट होत जातो. आणि हबच इकडचा तिकडे बसवला, तर गाडी पळते तसा नट सुटत जातो. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गाढवपणा नाही. इतका मोठा की कोणी तो करेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

त्या सकाळी मी पुढचे दोन्ही हब ग्रीस भरून एका कागदावर शेजारी शेजारी ठेवले होते. मध्येच बाबांशी कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, तर चहाचा कप मी बॉनेटवर ठेवला म्हणून. मी पाय आपटत आले, रागाच्या भरात हब उचलले आणि बसवून टाकले. झालं.

आमच्या गॅरेजचा एक नियम होता. नटावरचा शेवटचा ठोका बाबांचा. गाडी कोणाचीही असो, काम कोणीही केलेलं असो, हातोडी शेवटी बाबांच्या हातात जायची. त्या दिवशी त्यांनी ती माझ्यापुढे धरली. भांडण मिटवायचं असेल किंवा मी मोठी झाले असं त्यांना वाटलं असेल. म्हणाले, "घे. आज तू मार." मला आकाश ठेंगणं झालं. मी चारही नट ठोकले. पुढचे दोन मी उलट्या दिशेने ठोकतेय, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तारकाका कपडे बदलून आला तेव्हा गाडी दारात उभी होती.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. सरळ रस्ता, दोन्हीकडे गवत, आणि एक चाक आम्हाला मागे टाकून गेलं. गाडी नाकावर आपटली आणि चरात जाऊन बसली. बाबांचा गुडघा फुटला, तारकाकाच्या कपाळातून रक्त आलं, मला ओरखडासुद्धा नाही. चाक सापडलं तेव्हा त्याच्या दहाएक तारा तुटलेल्या होत्या. नट गवतात कुठे गेला देव जाणे. बाबांनी त्या तुटक्या तारा बघितल्या, चाक त्यांच्यामुळेच निखळलं असं धरलं आणि जमलेल्या लोकांसमोर तारकाकाला म्हणाले, "तुझे हात संपले."

तारकाकाने रुमालाने कपाळ पुसलं. दुपारी आम्ही गाडी गॅरेजात ओढून आणल्यावर तो हातगाडी घेऊन आला, मी उतरवून दिलेली पाचही चाकं तिच्यावर रचली आणि म्हणाला, "माझ्या कामात दोष असेल तर मी तो शोधीन. सापडला की चाकं आणून देतो." बाबांनी तोंड फिरवलं.

चाकं उतरवताना दुसऱ्या बाजूचा पुढचा नट नुसत्या बोटाने सुटला होता, ते माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी एकटी गॅरेजात गेले. हब बघितले. इकडचा तिकडे होता. मी गुपचूप दोन्ही हब अदलाबदल करून बरोबर बसवले, हात धुतले आणि घरी आले. आज सांगू, उद्या सांगू. बाबांचा गुडघा बरा झाला की सांगू. मग तारकाका येईल तेव्हा सांगू. तो आला नाही. कसा येईल? नसलेला दोष सापडणार कसा?

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली, वर ताडपत्री पडली. तारकाका कालव्यापलीकडे राहतो, चालत वीस मिनिटं. तीस वर्षं मी कालव्याचा पूल टाळला. पलीकडे काम निघालं की मी लांबचा वळसा घालायची आणि स्वतःला सांगायची की तो रस्ता जास्त चांगला आहे. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो हो.

गेल्या वर्षी बाबांचा एक डोळा गेला. दुसऱ्याच्याही मधोमध धुकं धरलं. डॉक्टरीण म्हणाली, उरलेली नजर वर्षभर टिकली तर नशीब. बाबा घरी आले, खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "ठिणगे, गाडी जमिनीवर उभी बघायची आहे मला. डोळे आहेत तोवर."

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. इंजिन उघडलं, चामडं बदललं, चेपलेलं मडगार्ड सरळ केलं, रंगाचे नऊ हात दिले. राहिली फक्त चाकं. आणि मी शहाणी, वीस मिनिटांवर असलेली चाकं सोडून जगभर शोधत सुटले.

काय काय पाहिलं म्हणून सांगू! एकाने फोटो पाठवला, चाकं आरशासारखी चकाकत होती. आमची तर रंगवलेली. शिवाय त्याची बहात्तर तारांची. दुसऱ्याकडे साठ तारा होत्या, पण चाक एका इंचाने लहान. एका बाईने चाकाचं झुंबर करून दिवाणखान्यात टांगलं होतं आणि खाली बसून ती विणकाम करत होती. मी मान वर करून तारा मोजत राहिले, तेवढ्यात दिवे लागले आणि साठ सावल्या भिंतींवरून हळूहळू फिरायला लागल्या. मी मोजायची विसरले. त्या बाईने मला पाणी आणून दिलं, तिला वाटलं मला घेरी आली. एका म्हाताऱ्याच्या परसात चाक भिंतीला टेकलेलं होतं आणि वेल एकेका तारेला विळखा घालत पार वर गेली होती, निळी फुलं आली होती. तो म्हणाला, "न्या की, पण वेल निजलीय, ती उठेपर्यंत थांबा." वेल कधी उठते हे मी विचारलं नाही.

जे चाक आणलं ते बाबा मांडीवर घ्यायचे. दिसत तर फारसं नव्हतं. रिमवरून हात फिरवायचे, आतला शिक्का अंगठ्याने वाचायचे, मग एक तार छेडायचे. आणि मान हलवायचे. "नाही."

"अहो बाबा, ऐकून काय कळतंय? रेडिओ आहे का तो?"

"नाही म्हणजे नाही."

"मग तुम्हीच जाऊन आणा!" मी फणकारायची. मग मला वाईट वाटायचं आणि मी चहा टाकायची.

शेवटी ती मिळाली. दोन दिवसांच्या प्रवासावर, एका बंद पडलेल्या गोदामात, गोणपाटात गुंडाळलेली पाच चाकं. साठ तारा, बरोबर माप, बरोबर कंपनी, शिक्का आमच्या गाडीच्या आधीच्या महिन्याचा. कुठल्याही परीक्षकाने डोळे मिटून पास केली असती. मी हवेत तरंगत घरी आले. गाडीत झोप लागली तेव्हा तेच स्वप्न पडलं, पण यावेळी चाक गवतात थांबलं होतं, माझी वाट बघत असल्यासारखं.

बाबांनी पाचही चाकं तपासली. बराच वेळ. मग म्हणाले, "बरोबर आहेत. बसव."

मी उडीच मारणार होते. पण बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना खिडकीचा नुसता उजेड दिसतो, बाहेरचं काही नाही.

"काय झालं?"

"काही नाही. चाकं बरोबर आहेत." हाताने ते खुर्चीची विणलेली बैठक चाचपत राहिले. "म्हणजे त्याला अजून दोष सापडला नाही."

 हा माणूस तीस वर्षं चाकांची वाटच बघत नव्हता. मी उठले, गॅरेजात गेले, पुढचे दोन्ही हब काढले, पिशवीत घातले आणि कालव्याच्या पुलावर आले. पिशवी इतकी जड की दर पन्नास पावलांवर हात बदलावा लागत होता. कालव्याचं पाणी हलत नव्हतं. पूल मला आठवत होता त्यापेक्षा खूपच लहान निघाला.

तारकाकाचं दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावर एकच लांब खोली. छताला खुर्च्या टांगलेल्या, बिनबैठकीच्या, नुसत्या चौकटी. तो आता खुर्च्या विणतो, हे मला ऐकून माहीत होतं. आणि खिडक्यांसमोर, तीन पायांच्या पाच तिकाटण्यांवर, आमची पाच चाकं. वाऱ्याने ती फिरत होती. एकही डगमगत नव्हतं. त्यांच्या सावल्या जमिनीवरून, टेबलावरून, तारकाकाच्या पांढऱ्या डोक्यावरून सरकत होत्या. दुपार होती. मला क्षणभर वाटलं की मी अजून जागी झालेलीच नाही.

"ठिणगी," तो म्हणाला. मान वर न करता. पायऱ्यांवरच्या आवाजावरून ओळखलं असणार. "अजूनही पाय आपटतच येतेस."

"तारकाका, ही चाकं..."

"अकरा वेळा खोलली. अकरा वेळा बांधली." त्याने वेताची पट्टी ओढून घट्ट केली. "दोष सापडत नाही. तुझ्या बापाला सांग, अजून जिवंत आहे मी, शोधतोय."

 मी काही प्रस्तावना वगैरे केली नाही. पिशवी उलटी केली. दोन्ही हब त्याच्या टेबलावर गडगडले.

"त्या दिवशी हे मी बसवले होते. डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. दुसऱ्या दिवशी मला कळलं. मी गुपचूप बदलले. कोणाला सांगितलं नाही."

त्याने एक हब उचलला. आट्यांवरून नख फिरवलं. खाली ठेवला, दुसरा उचलला. चाकं फिरत होती. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नटाकडे मी बघितलंच नाही कधी," तो अगदी हळू म्हणाला. "शेवटचा ठोका त्याचा असतो. त्याचा ठोका चुकणार नाही, म्हणून मी तिकडे बघितलंच नाही."

"त्या दिवशीचा ठोका माझा होता."

तारकाकाने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "तीस वर्षं," तो म्हणाला. "रोज सकाळी हात धुताना मी यांना विचारतो, काय रे, काय केलंत तुम्ही? त्यानंतर एक चाक बांधलं नाही मी कोणाचं. लोक यायचे. मी म्हणायचो, माझे हात संपले." मग त्याचा आवाज एकदम चढला. "जा तू इथून. चालती हो!"

मी गेले. पण शेवटच्या पायरीवरच बसले. रडले, अगदी ढसाढसा, नाक पुसायलाही काही नव्हतं.  मग वर एक तार वाजली. मग दुसरी. मग साठच्या साठ, एका चाकाच्या, एकामागून एक. मग पुढचं चाक. मी ऐकत बसले. एकाही तारेची कुरकुर नव्हती.

तो जिन्याच्या टोकाशी आला. "बापाला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा. दोष सापडला की आणून देतो म्हणालो होतो. सापडला. आता आणायलाच हवीत." थोडं थांबून म्हणाला, "हब घेऊन जा. आणि नाक पूस."

बाबांना मी संध्याकाळी सांगितलं, खुर्चीजवळ जमिनीवर बसून. हब त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी आटे चाचपले. मला वाटलं, आता माझ्यावर आभाळ कोसळणार.  पण माझ्या डोक्यावर हात आला, तेलाचा वास येणारा, जड.

"नट उलटा फिरत होता आणि मला दिसला नाही," ते म्हणाले. "तेव्हा तर डोळे धडधाकट होते माझे. मी तुझ्याकडे बघत होतो गं. हातोडी हातात घेऊन तू अशी काही उभी होतीस, मी नटाकडे बघितलंच नाही." मग पुन्हा आटे चाचपत, "आणि बोलून बसलो त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी आली. तीच की दुसरी, कोण जाणे. तारकाका मागून ढकलत होता, चाकं एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये खुर्च्यांचा वेत भरला होता. बाबा गॅरेजच्या दारात उभे होते. दोघं समोरासमोर आले. बाबांनी हात पुढे केले, आणि तारकाकाचे हात शोधून, दोन्ही, आपल्या हातांत धरले. बोटन् बोट चाचपलं, चाक तपासावं तसं.

"चुकलो मी," बाबा म्हणाले. "हे हात शाबूत आहेत."

"ते मला कालच कळलं," तारकाका म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "तीस वर्षं लावलीस रे गाढवा."

"गाढव इकडे आहे," मी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

मी हब बसवले. डाव्याचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे, मोठ्याने म्हणत, बालवाडीतल्या मुलीसारखी. गवतात गेलेल्या नटाच्या जागी मी वर्षापूर्वीच मिळवून ठेवलेला नट चढवला. चाकं चढली. त्या बंद गोदामातली ती पाच बरोबर चाकं कोपऱ्यात गोणपाटात पडून होती, त्यांची आठवणही कोणाला झाली नाही. तांब्याची हातोडी मी बाबांपुढे धरली.

बाबांनी ती घेतली, वजन बघितलं, आणि परत माझ्या हातात दिली.

"तू मार," ते म्हणाले. "आज आम्ही नटाकडे बघतो."

आणि खरंच, दोन्ही म्हातारे गुडघे कुरकुरवत चाकासमोर खाली बसले. तारकाकाने चष्मा पुसला. बाबांनी मान तिरकी केली, त्या एका डोळ्याच्या कडेने काही दिसतं का बघायला. मग तो प्रयत्न सोडून दिला आणि तारकाकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला दिसत नाहीये रे. तू बघून सांग, कुठे फिरतोय."

 मी हातोडी उचलली आणि नटाच्या कानावर ठोका मारला.

"मागे," तारकाका म्हणाला. "मागे फिरतोय."